कमरेच्या गाठीइतकं हँडल

सायकलचं हँडल पुन्हा वर गेलं होतं. भिमी अंगणात सायकलला खेटून उभी राहिली, पोट आत घेतलं, पाठ ताणली, तरी हँडलची मूठ कमरेच्या गाठीच्या वरच येत होती. गाठ म्हणजे लुगड्याची, जिथे ती चंची खोचायची ती. मूठ त्या गाठीला टेकली पाहिजे, असा त्या सायकलचा कायदा होता, आणि कायदा मोडणारी आत चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. भिमीने दाराकडे एक जळजळीत नजर टाकली, भेंडीच्या पिशव्या हँडलला अडकवल्या आणि तोंडातून चकार शब्द न काढता निघाली. न बोलणं हे तिचं सगळ्यात मोठं भांडण होतं, आणि सून घरात आल्यापासून ते रोज सकाळी नेमाने होत होतं.

म्हसा गावाच्या रस्त्यापासून आत, टेकडीच्या पोटाशी असलेल्या त्या पाड्यात सायकल चालवणारी पहिली बाई भिमी. आज पोरी सायकलवरून शाळेत जातात त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण भिमी शिकली तेव्हा तिच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला होता. गुडघे फुटले, कोपर सोललं, एकदा तर ती थेट भाताच्या खाचरात जाऊन बसली. पण शिकली. भाजी डोक्यावर घेऊन नाक्यावर पायी जाणाऱ्या बायकांच्या शेजारून घंटी वाजवत जाण्याची चव एकदा लागल्यावर ती खाली उतरली नाही. तेव्हापासून तिला पाड्यात आणि नाक्यावर एकच नाव पडलं, सायकलवाली. भिमी म्हटलं तर माणसं विचारायची, कोणती भिमी? सायकलवाली म्हटलं की विचारायचं काम नव्हतं.

आणि तिची बसण्याची एक ऐट होती. रस्त्यावरची पोरं हँडल खाली ठोकून घेतात आणि जमिनीवर काही सांडल्यासारखी वाकून पायडल मारतात, त्यांना ती मनापासून हसायची. माणूस सायकलवर ताठ दिसला पाहिजे, हे तिचं मत. सायकल नवी आली त्या दिवशी तिच्या नवऱ्याने, लखमाने, तिला शेजारी उभी करून हँडल कमरेच्या गाठीला आणलं, नट आवळला आणि जिथे हँडलचा दांडा नळीत शिरतो तिथे कोयत्याच्या टोकाने दांड्याभोवती एक रेघ मारली. कधी हललं तर याच रेघेवर परत आणायचं. टेप नाही, पट्टी नाही. भिमीच्या कमरेचं माप सायकलवर कोरलं गेलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ते पुन्हा मोजायची वेळच आली नाही.

वेळ आली ती रंजितामुळे. हनुमानची, म्हणजे भिमीच्या एकुलत्या एका पोराची ही बायको शहापूर तालुक्यातली, उंबरमाळीकडची. डोंगरातली पोर, उंच, सरळ, खांद्यांनी रुंद. चौकटीतून आत येताना मान किंचित लववायची. लग्नात भिमीनेच कौतुक केलं होतं की सून सागाच्या रोपासारखी आहे. मग रंजिताला पुढच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनिसाचं काम लागलं. हनुमान मोटारसायकलवरून पहाटेच मुरबाडच्या कंपनीत जाणार, जीप तिकडे वळत नाही, मग जायचं कसं? तेव्हा सगळ्यांसमोर, अगदी छाती पुढे काढून भिमीच म्हणाली की माझी सायकल आहे की, मी नाश्त्याच्या वेळेला परत येते, पुढं तुझीच. आपल्या तोंडाने बोललेलं, आता गिळताही येईना.

सायकलची सीट गंजून नळीत अशी बसली होती की ती हलायचं नावच घेत नव्हती. रंजिताचे गुडघे हँडलला आपटायचे. म्हणून हनुमानने तिला पाना हातात दिला आणि शिकवलं: वरचा नट सैल कर, लाकडाने एक ठोका दे, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धर, हँडल वर खेच, सरळ आहे का बघ आणि आवळ. कामावर जाताना वर करायचं, आली की बापाच्या रेघेवर खाली आणायचं. नवरा शिकवत होता आणि बायको हसत होती. भिमी ओसरीवर बसून भेंडी निवडत ते बघत होती. तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी एकदाच हँडल बसवलं होतं, त्यात हसण्यासारखं काही घडल्याचं तिला आठवेना.

रंजिता पहिल्या दिवशी उंच हँडल धरून निघाली तेव्हा पाड्यातली पोरं मागे धावली. दिसलीच तशी. खांदे मागे, वेणी पाठीवर, हात ऐसपैस. भिमी ज्याला ताठ म्हणत होती ते या पोरीला न शिकता येत होतं. भिमीला हेवा वाटला. त्याला दुसरं काही नाव द्यायची गरज नाही, आणि तिनेही दिलं नाही. त्याच दिवशी संध्याकाळी ती पहिल्यांदा सायकलला खेटून उभी राहिली आणि तिला दिसलं, मूठ गाठीच्या वर.

तिने लखमाला सांगितलं. तो म्हणाला, रेघ बघ. तिने रेघ बघितली नाही. डोळे पूर्वीसारखे नव्हते आणि शिवाय रेघेचा काय भरवसा, रेघ कुणीही मारू शकतं. कंबर आपली स्वतःची आहे, ती कशाला खोटं बोलेल? पोरगी आळशीपणाने हँडल पुरतं खाली आणत नाही, किंवा मुद्दाम आणत नाही, म्हणजे हळूहळू म्हातारीने कंटाळून सायकल सोडून द्यावी. भिमीने एकदा असं ठरवलं आणि मग तिला पुरावे सापडतच गेले. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी वर बांधलेली. वर नाही तर काय, भिमीला टाचा उचलाव्या लागत होत्या. कोनाड्यातला मिश्रीचा डबा पार आत ढकललेला, त्यासाठी पाटावर चढावं लागत होतं. ही उंच बया घरातली एकेक वस्तू आपल्या मापाने करून घेत होती. भिमी पाटावर चढायची, डबा काढायची आणि दात घासता घासता आतल्या आत धुमसायची. सायकल मात्र ती त्याच हँडलने चालवत राहिली. खांदे कानाशी यायचे, परत येईपर्यंत मानेत कळ भरायची, पण सुनेपुढे जाऊन हे खाली कर म्हणायचं? त्यापेक्षा मान मोडलेली बरी.

भादव्यात एकदा भाजीचा भार फार होता म्हणून भिमी जीपने नाक्यावर गेली आणि देवजीच्या चहाच्या टपरीशेजारी गोणपाट टाकून बसली. दुपारी ओळखीची घंटी वाजली. देवजी पुढ्यात उभ्या असलेल्या पोरांना म्हणाला, "सरका रे, सायकलवालीला जाऊ द्या." भिमीने सवयीने मान वर केली, हसलीसुद्धा. आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण तर खाली बसलोय. सायकलवरून रंजिता आली होती, अंगणवाडीच्या खाऊची पिशवी न्यायला. तिने सासूला बघून उतरून विचारलं की आत्या, चहा आणू का. भिमी म्हणाली, नको. त्या दिवशी तिने उरलेल्या काकड्या कुणाशी घासाघीस न करता देऊन टाकल्या आणि घरी येऊन न जेवता निजली.

जमीन गेली असती, दागिना गेला असता तर माणसं समजूत घालायला आली असती. पण नाव गेलं तर कुणाला सांगायचं? पाड्यात तिच्या नावावर दुसरं होतं काय? शाळा नाही, बचत गटात सही नाही, अंगठाच. एक सायकलवाली हे नाव होतं, आणि ते ती जिवंत असताना, तिच्याच सायकलवर बसून दुसरी घेऊन चालली होती.

खंडेनवमीला भिमीने ठरवलं की आज याचा सोक्षमोक्ष. त्यांच्या घरी नवमीला सगळी हत्यारं पूजेत बसायची, कोयता, विळा, पहार, कुऱ्हाड आणि आता सायकलचा पानाही. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हत्यारालाही वर्षातून एकदा विसावा लागतो. सायकल तेवढी सुटायची, कारण दसऱ्याची फुलं नाक्यावर न्यावीच लागत. रंजिताने दुपारभर बसून सायकल घासली, रिंगा राखेने चमकवल्या, हँडलला झेंडूचा हार घातला. पूजेआधी भिमीने पोराला बोलावलं.

"हनुमान, हँडल तुज्या बापाच्या रेघेवर आण. माज्या डोळ्यांदेखत."

हनुमानने बायकोकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, आण. हँडल तिथेच होतं, तरी त्याने नट सैल करून पुन्हा आवळला. भिमीने अंगठ्याचं नख दांड्यावरून फिरवलं. नळीच्या काठावर रेघ लागली, जुनी, गुळगुळीत झालेली. तेवढ्याने तिचं समाधान झालं, कमरेला लावून तिने बघितलं नाही. मग पाना तिने स्वतःच्या हाताने पूजेत ठेवला, कोयत्याशेजारी, त्यावर हळदकुंकू वाहिलं, तांदूळ टाकले आणि फूल ठेवलं. आता बघते कोण हलवतंय, असं ती मोठ्याने बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं.

दसऱ्याला उजाडता उजाडता अंगण झेंडूने भरून गेलं. शेजारचा महादू आणि त्याची बायको टोपल्या घेऊन आले होते, त्यांचीही फुलं भिमीच नाक्यावर नेणार होती. भिमी अंघोळ करून आली, चंची खोचली आणि सायकलला खेटून उभी राहिली. मूठ गाठीच्या वर होती. काल होती तेवढीच, परवा होती तेवढीच.

महिन्यांचं साठलेलं मग बाहेर पडलं. ही बया पूजेतला पाना उचलते, हिला देवाची भीती नाही, हिला माझी सायकल पायजे, माझं नाव पायजे, मग घे ना एकदाची, अशी लपूनछपून का घेतेस? भिमीचा आवाज पार खालच्या आळीपर्यंत गेला. पूजेतलं हत्यार उचलणं ही काही लहान गोष्ट नव्हती. महादूच्या बायकोने गालावर हात ठेवला. रंजिता पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.

"मी हात नाय लावला, आत्या. तुमी बघा येऊन."

सगळे आत गेले. पाना होता तिथेच होता. फूल कोमेजून त्याला चिकटलं होतं, कुंकू सुकून त्याला भेगा गेल्या होत्या आणि तांदळाचे दाणे हळदीत रुतून बसले होते. त्याला कुणाचा श्वाससुद्धा लागला नव्हता. भिमी तशीच बाहेर आली आणि तिने दांड्यावरून नख फिरवलं. रेघ काठावर होती. तिने कमरेची गाठ चाचपली. मग ती म्हणाली की रेघच नवी असेल, जुनी पुसून हिनेच नवी मारली असेल. पण आता तिच्या आवाजात जोर नव्हता, आणि लोखंडावरची रेघ पुसता येत नाही हे तिला महादूच्या बायकोइतकंच ठाऊक होतं.

लखमा ओसरीवर विडी ओढत बसला होता. तो एरवी भांडणात पडायचा नाही. आता त्याने विडी विझवली आणि अगदी हळू, जणू दोघांतच बोलावं तसं विचारलं:

"भिमे, कोनाडा कोणी गो वर नेला?"

भिमीने भिंतीकडे बघितलं. कोनाडा लखमाने हनुमानच्या जन्माच्या साली मातीच्या भिंतीत कोरला होता आणि तिने स्वतः तो शेणाने सारवला होता. उभ्या उभ्या हात जाईल एवढ्या उंचीवर, तिच्याच सांगण्यावरून. भिंतीतला कोनाडा वर जात नाही. दोरीच्या खुंट्याही त्याच होत्या. घरात काहीच वर गेलं नव्हतं.

महादूला काही कळलं नाही, तो फुलांच्या टोपल्या बांधायला लागला. हनुमान खाली बघत राहिला. भिमीने रंजिताकडे बघितलं आणि तिला आणखी एक गोष्ट कळली, जी पहिलीपेक्षा जास्त झोंबली. पोरीला हे आधीपासून ठाऊक होतं. सासू पाटावर चढते, दोरीशी टाचा उचलते, हे ती रोज बघत होती आणि बोलली नव्हती. आपण हेवा करत होतो आणि ती दया करत होती. भिमीला वाटलं, तिने पाना उचलला असता तर फार बरं झालं असतं.

ती सायकलवर बसली आणि निघाली. त्या उंच हँडलने, खांदे कानाशी घेऊन, पुढे मागे झेंडूचे ढीग लादून. वाटेत डाव्या हाताला रस्त्याकडेची पाण्याची टाकी लागते, तिच्या सिमेंटवर सकाळच्या उन्हात सायकलवाल्यांची सावली पडते. भिमीने इतकी वर्षं कधी तिकडे बघितलं नव्हतं. आज बघितलं. सावलीतली बाई ताठ बसली नव्हती. तिची पाठ वरच्या बाजूला वाकून आली होती आणि मान पुढे आली होती. भिमीने पाठ ताणून बघितली. सावलीने ऐकलं नाही.

नाक्यावर देवजी म्हणाला, "या सायकलवाली, आज फुलं लवकर आणली." भिमीने मागे वळून बघितलं, रंजिता आली की काय म्हणून. मागे कुणीच नव्हतं. फुलं दुपारपर्यंत खपली, पण तिचं लक्ष नव्हतं. आणखी काही वर्षं खांदे कानाशी घेऊन तसंच चालवायचं आणि एक दिवस कुठल्या तरी चढावर सायकल रंजिताला देऊन टाकायची, नाहीतर आज संध्याकाळी तोंड उघडायचं, एवढंच तिच्यापुढे होतं. दोन्ही सारखंच कडू लागत होतं.

संध्याकाळी सोनं वाटून झालं. रंजिता आपट्याची पानं घेऊन पाया पडली, भिमीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लगेच काढून घेतला. पूजा उतरली, हत्यारं मोकळी झाली. पाहुणे गेल्यावर भिमी अंगणात सायकलजवळ जाऊन उभी राहिली. मग दाराकडे न बघताच म्हणाली:

"रंजिता, पाना आण. हँडल खाली कर माजं."

रंजिता आली. सकाळच्या शिव्या तिच्या चेहऱ्यावर अजून होत्या, डोळे सुजलेले होते, पण तिने नट सैल केला, लाकडाने ठोका दिला, चाक गुडघ्यांत धरलं. भिमी शेजारी उभी राहिली, पोट आत न घेता, पाठ न ताणता, आहे तशी. हँडल खाली येत गेलं आणि लखमाची रेघ नळीत बुडून दिसेनाशी झाली. मूठ गाठीला टेकली. रंजिताने नट आवळला आणि कोयता उचलून विचारलं की आत्या, इथं नवी रेघ मारू का, म्हणजे रोज बरोबर आणता येईल.

"माजी नको मारू," भिमी म्हणाली. "ती काय एका जागी ऱ्हाणार हाय? रोज इचारून बसव."

मग तिनेच कोयता हातात घेतला. रंजिताची स्वतःची रेघ सायकलवर नव्हती. सासूच्या सायकलवर खूण कशी करायची, म्हणून ती बिचारी इतके दिवस रोज अंदाजाने हँडल वर करत होती. भिमीने तिला सांगितलं, तुझं वर कर, सरळ उभी राहा. रंजिताने नट पुन्हा सैल केला आणि हँडल वर खेचायला लागली. बुडालेली रेघ नळीतून बाहेर आली, वर गेली. हँडल तिच्या कमरेशी पोचायला अगदी थोडं उरलं होतं, तेवढ्यात भिमीने दांडा धरला, "बस," म्हणाली आणि कोयत्याच्या टोकाने काठावर रेघ ओढली. दांड्याभोवती पुरी, दोनदा गिरवून.

रंजिताने कमरेशी हात लावून बघितला. तिच्या ध्यानात आलं. ती थोडी हसली, त्या दिवसात पहिल्यांदाच.

"एक बोट कमी पडतंय, आत्या."

भिमीने कोयता पदराला पुसला.

"असू दे," ती म्हणाली. "येशील हळूहळू खाली."

रंजिताने त्याच रेघेवर हँडल सरळ केलं आणि नट आवळला.